बाबांचे स्पीकर, आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ : सुरुवात कुठून करू?

निवांत_श्रोता | ४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. रत्नागिरीचं घर पावसाआधी आवरायला घेतलं आणि माळ्यावरून दोन गोष्टी खाली आल्या. एक म्हणजे बाबांनी १९८४ साली मस्कतहून येताना आणलेले दोन लाकडी स्पीकर : खाली ८ इंची वूफर, वर छोटा ट्विटर, मागे ८ ओहम लिहिलेलं. दुसरी म्हणजे आजोबांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) रेडिओ, मॅजिक आयवाला (स्टेशन नीट लागलं की दाखवणारा हिरवा दिवा).

स्पीकरची जाळी काढली आणि पोटात गोळाच आला. वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच चिकट भुगा होऊन हाताला लागला. कागदी कोन मात्र धड आहे, कुठे फाटलेला नाही. बोटांनी हलकेच आत दाबला तर घासत नाही. मल्टिमीटर लावला तर एक वूफर ६.१ ओहम दाखवतो, दुसरा ६.३. मग ८ ओहम कुठे गेले? गावातल्या दुकानात दाखवले तर "टाकून द्या, नवीन घ्या" असं उत्तर मिळालं. टाकणार नाही. लहानपणी याच स्पीकरवर रविवारी सकाळी बाबा मल्लिकार्जुन मन्सूर अण्णांचं गाणं लावायचे.

स्वप्न असं आहे की हे स्पीकर व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर वाजवायचे. वायर बदलण्याइतका डाग (सोल्डरिंग) देता येतो, त्यापुढचं काही येत नाही. कुठून सुरुवात करू?

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | ४ जून, रात्री १०:४०

पहिली गोष्ट : तो रेडिओ प्लगला लावू नका. "चालतो का बघू" म्हणून थेट २३० व्होल्टवर लावलेले किती रेडिओ माझ्याकडे जळका वास घेऊन आले, त्याची मोजदाद नाही. चाळीस-पन्नास वर्षं बंद असलेला संच एका मिनिटात ट्रान्सफॉर्मर गमावतो. त्याच्याबद्दल नंतर बोलू.

आधी स्पीकर. ६.१ आणि ६.३ म्हणजे तब्येत उत्तम. स्पीकरवर लिहिलेले ८ ओहम हा एसीला होणारा विरोध, मीटर मोजतो तो तांब्याच्या तारेचा डीसी विरोध. ८ ओहमच्या स्पीकरचा तो साधारण ५.५ ते ७ च्या मध्ये येतो. मीटर काहीच दाखवत नसता तर कॉइल तुटलेली. तुमच्या दोन्ही कॉइल शाबूत आहेत, घासतही नाहीत. गेलाय तो फक्त फोम.

आणि त्या फोमबद्दल वाईट वाटून घेऊ नका. सत्तरच्या दशकापासून कंपन्यांनी वूफरला पॉलियुरेथेन फोमची कडा लावायला सुरुवात केली. हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन त्याला आतून खातात. पेटीत न वाजवता ठेवला तरी पंधरा-वीस वर्षांत तो कुजतो, कोकणात त्याही आधी. त्याआधीच्या स्पीकरना कागदाची नाहीतर कापडाची चुण्यांची कडा असायची. म्हणून १९६० चा रेडिओचा स्पीकर आजही वाजतो आणि १९८४ चा भारी वूफर वाजत नाही.

तबकडी | ५ जून, सकाळी ७:१५

वाचतेय. आमच्याकडेही असाच एक जोड आहे. सविस्तर लिहा, काका.

ध्वनिवेडी_आइंडहोवन | ५ जून, दुपारी १:३०

फोमची नवी रिंग मिळते आणि हे काम घरी होतं. मी आतापर्यंत चार जोड केले आहेत. मागवताना "८ इंची" एवढ्यावर विसंबू नका, कारण ८ इंची रिंगा बऱ्याच मापांच्या असतात. तीन मापं घ्या : कोनाचा बाहेरचा व्यास, पत्र्याच्या फ्रेमवर जिथे फोम चिकटतो तिथला आतला आणि बाहेरचा व्यास, आणि फोमच्या गोल फुगवट्याची रुंदी. जुना फोम कोनाच्या वरून चिकटवला होता की खालून, तेही बघून ठेवा. जुन्याचा तुकडा टाकून देऊ नका.

सांगलीकर_साउंड | ५ जून, रात्री ८:०५

फोम कशाला? रबरची रिंग लावा. आपल्या हवेत पुन्हा पंधरा वर्षांनी तेच दुखणं येणार.

ध्वनिवेडी_आइंडहोवन | ५ जून, रात्री ११:२०

रबर टिकतं हे खरं, पण ते जड असतं आणि त्याचा ताणही वेगळा असतो. कोनाचं हलतं वजन वाढलं की स्पीकरची मूळची स्वरपट्टी बदलते, आवाज थोडा मंदावतो. पेटीचं आकारमान त्या वूफरच्या हिशोबानं ठरवलेलं असतं. फोमचा होता, फोमच लावा. पंधरा वर्षांनी पुन्हा दोन शनिवार द्यावे लागले तर द्यावेत.

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | ६ जून, सकाळी ६:५०

माझंही हेच मत. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही, जे गेलंय ते होतं तसं परत करायचं. कोन चांगला असताना "रिकोन करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात स्पीकर देऊ नका. मूळ कोन एकदा कापला की तो स्पीकर गेला.

मागचं चुंबक तर कधीच उघडू नका. जुन्या स्पीकरमध्ये अल्निकोचं चुंबक असेल तर सुटं करताच त्याची ताकद उतरते, मग परत जोडून उपयोग नाही.

निवांत_श्रोता | २८ जून, रात्री १०:१०

रिंगा आल्या. आज पहिला वूफर झाला. जे झालं ते क्रमानं लिहितो, कुणाला उपयोगी पडेल.

सगळ्यात जास्त वेळ जुनं काढण्यात गेला. फ्रेमवरची पुठ्ठ्याची रिंग बोथट सुरीनं हळूहळू उचकटली, ती परत वापरायची होती. कोनाच्या कडेला जुना डिंक आणि फोम मिळून तपकिरी थर झाला होता. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन तीन-चार इंचांचा भाग ओला करायचा, मिनिटभर थांबायचं, मग अंगठ्यानं लोळवून काढायचं. नखानं खरवडलं तर कागदाचा पापुद्रा निघतो, हे एका जागी कळलं आणि तिथेच थांबलो. एका वूफरला अडीच तास लागले.

मग पांढरा, वाळल्यावर लवचिक राहणारा डिंक बारीक ब्रशनं कोनाच्या कडेला लावून फोम बसवला. पाऊस असल्यामुळे वाळायला पूर्ण दिवस दिला.

फ्रेमला चिकटवताना ध्वनिवेडींनी खरडवहीत (इथल्या निरोपांच्या पानावर) सांगितलेली युक्ती केली. फोनवरून ३० हर्ट्झचा सूर लहान आवाजात वूफरला दिला. कान जवळ नेला तर कोन मागे-पुढे डुलतोय आणि मध्येच एक बारीक खर्र खर्र. डिंक ओलाच होता. घड्याळात चार वाजता काटा जिथे असतो त्या बाजूला फोम बोटानं केसभर बाहेर सरकवला आणि खरखर एकदम थांबली. फक्त हवेची ऊब गालाला लागत राहिली. त्या क्षणी मी श्वास धरून बसलो होतो.

तबकडी | २८ जून, रात्री १०:४५

किती छान लिहिलंय! मधली टोपी कापून आत पट्ट्या घालायच्या असतात ना? ते केलं नाहीत?

ध्वनिवेडी_आइंडहोवन | २९ जून, दुपारी २:००

ती जुनी आणि पक्की पद्धत आहे. कॉइल आणि चुंबकामधल्या फटीत पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालून कोन मधोमध धरायचा. पण त्यासाठी टोपी कापावी लागते आणि नवी लावावी लागते. आतला स्पायडर (कोनाला मागून धरणारी चुण्यांची चकती) ताठ असेल तर कोन बराचसा आपणहून मध्यावर राहतो आणि सूर देऊन काम होतं. स्पायडर सैल पडला असेल तर मात्र पट्ट्यांशिवाय इलाज नाही.

सांगलीकर_साउंड | २९ जून, रात्री ९:३०

पेटीत बसवण्याआधी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघा. लाल खुणेला धन टोक लावल्यावर दोन्ही वूफर एकाच दिशेला हलले पाहिजेत, बहुतेक स्पीकरमध्ये बाहेरच्या बाजूला. जेबीएलच्या जुन्या स्पीकरमध्ये नेमकं उलट असतं, कोन आत जातो, ती बिघाडाची खूण नाही. एक बाहेर आणि एक आत असं जोडलं गेलं तर डग्ग्याचा घुमारा खोलीतून नाहीसा होतो आणि माणूस फोमला दोष देत बसतो.

निवांत_श्रोता | ६ जुलै, दुपारी ४:२०

दोन्ही झाले. सेल लावून बघितला हे बरं केलं, उजव्या पेटीत आधी कुणीतरी तारा उलट जोडल्या होत्या.

ट्विटरच्या मार्गात एकच कंडेन्सर आहे, ४.७ मायक्रोफॅरडचा, इलेक्ट्रोलिटिक पण धन-ऋण नसलेला. सोडवून मोजला तर एका बाजूचा ५.९ आणि दुसऱ्याचा ६.४ भरला. बदलू का?

ध्वनिवेडी_आइंडहोवन | ६ जुलै, रात्री १०:००

हो, दोन्ही बदला, पॉलिप्रॉपिलीनचे लावा. फक्त एक लक्षात ठेवा : जुन्या इलेक्ट्रोलिटिकला स्वतःचा थोडा अंगभूत विरोध असतो आणि ट्विटरचा आवाज तो धरून जमवलेला असतो. नव्या कंडेन्सरनं ट्विटर टोचू लागला तर त्याच्याशी सिरीजमध्ये अर्धा ओहम लावून बघा. कानाला पटेल ते ठेवा. तंबोरा ऐका. जवारी मोकळी, झंकारत यावी, पण कानात सुईसारखी शिरू नये.

निवांत_श्रोता | १३ जुलै, रात्री ११:३०

अर्धा ओहम लावला. तंबोरा बरोबर बसला. सध्या साध्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरवर वाजवतोय. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हा तो आवाज."

काका, आता रेडिओकडे वळू का?

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | १४ जुलै, सकाळी ७:००

आता वळा. मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हवरची नावं लिहून पाठवा. हात लावण्याआधी नावं का, ते सांगतो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

युरोपीय व्हॉल्व्हच्या नावातलं पहिलं अक्षर हीटरबद्दल सांगतं. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. अशा संचात बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर असतो. यू म्हणजे १०० मिलिअँपिअरचे हीटर, सगळे एकामागोमाग जोडून सरळ मेनवर टाकलेले. यूसीएच८१, यूसीएल८२, यूवाय८५ अशी नावं दिसली तर समजा की बहुधा ट्रान्सफॉर्मर नाहीच आणि चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) थेट मेनच्या एका तारेला जोडलेली आहे. प्लग उलटा बसला की त्या पत्र्यावर २३० व्होल्ट. अशा संचाला बाहेरून फोन किंवा स्पीकर जोडायचा विचारही करू नका.

पुढची अक्षरं काम सांगतात : सी ट्रायोड, एफ पेन्टोड, एल स्पीकरला ताकद देणारा पेन्टोड, एम मॅजिक आय, झेड दोन बाजूंचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा). एवढं पाठ झालं की नकाशा नसतानाही संच वाचता येतो.

निवांत_श्रोता | १४ जुलै, रात्री ९:००

ईसीएच८१, ईबीएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईएम८४, ईझेड८०. मेन ट्रान्सफॉर्मर आहे, नीट बघितलं.

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | १५ जुलै, सकाळी ६:४०

मग ऐका. तुमच्याकडे व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आजोबांच्या काळापासून आहे. ईबीसी८१ मधला ट्रायोड आणि ईएल८४ मिळून पुरता मोनो अँप्लिफायर होतो. मागच्या बाजूला ग्रामोफोनसाठी दोन भोकांची खाच असेल, आवाज तिथून आत जातो. पहिलाच अँप्लिफायर सुट्या भागांतून उभा करू नका. हा जिवंत करा. चार महिने तो वाजवा, त्याची व्होल्टेजं मोजा, मग पुढचं.

काम सुरू करण्याआधी : प्लग काढलेला, आणि तरीही मोठे कंडेन्सर रिकामे करायचे. त्यात ३०० व्होल्ट बराच वेळ बसून राहू शकतात. १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्यांनी कंडेन्सर आणि चासीमध्ये लावा, दहा-पंधरा सेकंद धरा, मग मीटरनं खात्री करा. स्क्रू-ड्रायव्हरनं ठिणगी पाडायची नाही. चालू संचात मोजताना एक हात पाठीमागे, पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरं माणूस जागं पाहिजे.

आता कुठला भाग बदलायचा. सगळे नाहीत. एक मात्र बघत न बसता बदलायचा : ईबीसी८१ च्या प्लेटपासून (जिथून आवाज बाहेर येतो) ईएल८४ च्या ग्रिडला (जिथे तो आत जातो) जाणारा कंडेन्सर. त्याचं काम आवाज पुढे जाऊ देणं आणि प्लेटवरचं डीसी अडवणं. जुना कागदी कंडेन्सर गळतो. ग्रिडवरचा रेझिस्टन्स १ मेगओहमचा धरा. फक्त ५ मायक्रोअँपिअर गळले तरी ग्रिडवर ५ व्होल्ट धन चढतात. ईएल८४ ला हवे असतात साधारण ७ व्होल्ट ऋण. लगाम सुटल्यासारखा व्हॉल्व्ह विद्युतप्रवाह ओढतो, प्लेट लाल होते आणि जाताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरही (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) नेतो. दहा-पंधरा रुपयांचा भाग सगळा संच खातो. ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावा.

दुसरा, मेनच्या तारेपासून चासीला जोडलेला कंडेन्सर असेल तर तो काढा, किंवा वाय२ (मेनसाठीच्या सुरक्षित) दर्जाचाच लावा. नव्या तीनपिनी वायरनं चासीला अर्थिंग द्या.

सांगलीकर_साउंड | १५ जुलै, रात्री ८:४५

काका, मी तर सगळे कागदी आणि सगळे इलेक्ट्रोलिटिक सरसकट बदलतो. परत परत उघडायला नको.

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | १५ जुलै, रात्री ९:३०

तुमचा हात बसलेला आहे, तुम्हाला चालतं. नवख्यानं एका बैठकीत वीस डाग दिले आणि संच बोलला नाही, तर चूक वीस जागी शोधावी लागते. एक भाग बदला, चालू करून मोजा, मग दुसरा. आणि फिल्टरचा (डीसीतली लहर सपाट करणारा) कंडेन्सर बदलताना "मोठा लावला तर चांगलं" असं करू नका. ईझेड८० च्या लगेच पुढे ५० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त चालत नाही, रेक्टिफायरवर ताण येतो.

निवांत_श्रोता | २७ जुलै, सायंकाळी ७:१५

ग्रिडचा कंडेन्सर बदलला, तीनपिनी वायर टाकली. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मित्राकडे डिमरस्टॅट आहे, तो आणून व्होल्टेज हळूहळू चढवू का?

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | २७ जुलै, रात्री ८:००

त्यापेक्षा सिरीज बल्ब लावा, म्हणजे मेनच्या एका तारेत मध्येच बल्ब जोडा. रेक्टिफायर व्हॉल्व्हचा असल्यामुळे डिमरस्टॅट अर्ध्यावर असताना त्याचा हीटर पुरेसा तापतच नाही, पुढे डीसी जवळजवळ जात नाही, आणि सगळं ठीक आहे असा भास होतो. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब घ्या, एलईडी नको. चालू करताच तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, ताबडतोब बंद. आणि स्पीकर जोडलेलाच असू दे. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला भाराशिवाय आवाज दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटं व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं.

निवांत_श्रोता | २ ऑगस्ट, रात्री १०:५५

चालला! बल्ब उजळला, मंदावला. मग अर्ध्या मिनिटानं ईएम८४ मध्ये हिरवी पट्टी हळूहळू उमटली. बल्ब काढून पूर्ण मेनवर मोजलं : ग्रिडवर शून्य, कॅथोडवर ७.१ व्होल्ट, कॅथोडचा रेझिस्टन्स १३५ ओहम. हे बरोबर आहे का?

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | ३ ऑगस्ट, सकाळी ६:३०

ग्रिड शून्यावर आणि कॅथोड ७.१ वर, म्हणजे कॅथोडच्या मानानं ग्रिड ७ ऋण, हवं तसंच. ७.१ भागिले १३५ म्हणजे साधारण ५२ मिलिअँपिअर. त्यातले पाचेक स्क्रीन ग्रिडचे (ईएल८४ मधली दुसरी जाळी), उरलेले ४७ प्लेटचे. प्लेटवर २५० व्होल्ट असतील तर पावणेबारा वॉट झाले. ईएल८४ ची मर्यादा १२. तब्येत झकास आहे.

तबकडी | ३ ऑगस्ट, सकाळी ९:००

एक शंका. हा ईएल८४ जेमतेम चार-पाच वॉट देणार. बाबांच्या स्पीकरना पुरेल?

ध्वनिवेडी_आइंडहोवन | ३ ऑगस्ट, दुपारी १२:४०

स्पीकरच्या संवेदनशीलतेवर आहे. १ वॉटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणारा स्पीकर असेल तर ४ वॉटला ९४ मिळतात, कारण वॉट दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात. घरच्या खोलीत ख्याल ऐकायला ते पुरतं. ८४ डेसिबलचा आजचा छोटा स्पीकर असेल तर तबल्याच्या थापेला अँप्लिफायर धापा टाकतो. जुन्या रेडिओतले हलक्या कागदाचे स्पीकर कमी वॉटमध्ये भरभरून वाजतात ते याचमुळे.

इथल्या जुन्या बाजारात फिलिप्सचे ९७१० स्पीकर अजून हाताला लागतात. ८ इंची, मोठ्या कोनाच्या आत दुसरा छोटा कोन. ते घेताना मीटर लावून बघा. काही ७ ओहमचे असतात, काही ८०० ओहमचे, कारण फिलिप्सनं आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले संच केले होते आणि ते त्यांच्यासाठी होते. दिसायला सारखेच.

सांगलीकर_साउंड | ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

पुढे स्टिरिओ करायचं झालं तर मुलार्ड या ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनीचं ५-१० हे सर्किट बघा, १९५४ चं. नावातच सगळं आहे : पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट. ईएफ८६, ईसीसी८३, दोन ईएल८४ आणि रेक्टिफायर. दोन बाजूंना दोन करावे लागतील.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र जाणकाराकडूनच गुंडाळून घ्या. मी एकदा एका ईएल८४ साठी स्थानिक कारागिराकडून करून घेतला. वजनदार होता, तारही बरोबर, पण डग्गा ऐकूच येईना. उघडला तर पत्र्या एकाआड एक उलटसुलट घातलेल्या, मेनच्या ट्रान्सफॉर्मरला घालतात तशा. एकट्या व्हॉल्व्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी वाहतो, लोखंड त्यानंच भरून जातं. सगळ्या इंग्रजी ई आकाराच्या पत्र्या एका बाजूला, सगळ्या आय आकाराच्या दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागदाची फट हवी. मी स्वतः पत्र्या काढून तशा रचल्या, आवाज खाली उतरला. दोन व्हॉल्व्ह पुश-पुल (आळीपाळीनं ओढणारे) असतील तर दोघांचा डीसी एकमेकांना खोडतो, मग फट लागत नाही.

निवांत_श्रोता | १० ऑगस्ट, रात्री ११:१०

फोनच्या डाव्या-उजव्या तारा थेट एकत्र न करता प्रत्येकीत १ किलोओहम टाकून मागच्या ग्रामोफोनच्या खाचेत दिल्या. बाहेरच्या स्पीकरच्या खाचेला बाबांचा एक स्पीकर. आवाज पुरतो, उरतोही. गळ्यातली खर्जाची फिरत इतकी जवळ कधी ऐकली नव्हती.

फक्त गाणं थांबलं की घूंऽऽ असा बारीक सूर ऐकू येतो. आवाजाचं बटण पूर्ण खाली केलं तरी जात नाही.

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | ११ ऑगस्ट, सकाळी ६:४५

फोनवर आधी ५० आणि मग १०० हर्ट्झचा सूर लावून ताडून बघा. ५० असेल तर हीटरच्या तारा किंवा अर्थिंगचं दुखणं. १०० असेल तर फिल्टर, कारण ईझेड८० दोन्ही बाजू सरळ करतो आणि लहर दुप्पट होते.

निवांत_श्रोता | ११ ऑगस्ट, रात्री ८:३०

१०० आहे. नक्की.

व्हॉल्व्हवाला_कोल्हापूर | ११ ऑगस्ट, रात्री ८:५०

मग आता फिल्टरचा कंडेन्सर बदलायची वेळ आली. जुना डबा चासीवर तसाच राहू दे, फक्त त्याच्या तारा सोडवा. नवे दोन, ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे, चासीच्या खाली बसवा. धन-ऋण दोनदा बघा. आणि आधी रिकामा करायला विसरू नका.

निवांत_श्रोता | १७ ऑगस्ट, रात्री १०:००

बदलले. घूं गेली. मॅजिक आयची हिरवी पट्टीही आधी थरथरत होती, आता स्थिर आहे. येत्या रविवारी सकाळी रेकॉर्ड लावतोय. तबकडी, तुमच्या वूफरची मापं टाका, रिंगा कुठल्या बसतील ते बघू.